डाव्या पायाचं काम

बिदियाच्या दक्षिणेला, वाळूतला तळ
४ नोव्हेंबर

खलफान,

सलाम. तुझी आई बरी आहे, उंटिणी बऱ्या आहेत, मी बरी आहे. एवढं आत्याबाईंना वाचून दाखवलं आणि "झालं पत्र" म्हटलं. त्या शेळ्यांकडे गेल्या. खरं पत्र इथून पुढे आहे.

नवीन पिकअपचा तुझा फॉर्म कंपनीवाल्यांनी अडवून ठेवलाय, असं तू मागच्या वेळी लिहिलंस. गिअरची हवी की ऑटोमॅटिक, एवढं एक सांगा म्हणतात. मग सांग ना! त्यात विचार कसला करतोस? माझं लायसन्स ऑटोमॅटिकचं आहे. इब्राला माहेरी राहून काढलं, परीक्षेत पिंपांमधून उलटी गाडी घेतली, एकही पिंप पाडलं नाही. त्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवली तर पोलीस मला खाली उतरवतील. म्हणजे गिअरची गाडी आली की किल्ली सुनेला नाही, आत्याबाईंच्याच कमरेला, जशी तीस वर्षं आहे तशीच.

आणि माझी शाळा? मुख्याध्यापिका रय्या मॅडमनी परवा पुन्हा निरोप पाठवला. दुसरं सत्र फेब्रुवारीत सुरू होतं, पहिलीचा वर्ग शिकवायला माझ्यासाठी ठेवलाय, पण शाळेची बस डांबरी रस्ता सोडून वाळूत शिरत नाही, तुम्ही स्वतः येणार असाल तरच हो म्हणा. मी हो म्हटलंय. आत्याबाईंना अजून सांगितलेलं नाही, कारण तूच म्हणालास, आधी गाडी येऊ दे, मग बघू. मला हे 'मग बघू' सहन होत नाही आता. रात्री झोप लागत नाही, दिवसा एका जागी बसवत नाही. चहा टाकते आणि प्यायला विसरते.

फोन करू नकोस. रेंज फक्त शेजारच्या हुमैदच्या टेकाडावर येते, आणि तिथे उभं राहून नवऱ्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या टोळीला बोलावून ऐकवायचं. पत्रच लिही, पण दोन कागदांवर. एक मोठ्याने वाचायचा, एक माझा.

झुवैना


मसीरा बेट, लष्करी तळ
१३ नोव्हेंबर

पहिला कागद, मोठ्याने:

आई, तुझ्या हाताचे पापे. गाडीचा विचार चालू आहे. तू म्हणशील तसं.

दुसरा कागद:

झुवैना, रागावू नकोस. पहिल्या कागदावर दुसरं काय लिहिणार होतो?

इथे माझ्या कोठारात या एका प्रश्नावरून दोन तट पडलेत. आमचा सार्जंट म्हणतो, वाळूत ऑटोमॅटिकच. मऊ टेकाडावर चढताना गिअर बदलायला क्लच दाबला की त्या एका क्षणात गाडीचा जोर जातो आणि ती जिथल्या तिथे रुतते. ऑटोमॅटिकला तो क्षणच नाही. स्वयंपाकी म्हणतो, चढशील रे, पण उतरताना काय? उभ्या उतारावर पहिल्या गिअरात टाकलेली गाडी इंजिनाच्या धाकात राहते, ब्रेकला हात लावावा लागत नाही. आणि आत कुठे बॅटरी बसली, तर गिअरची गाडी उतारावरून सोडून चालू करता येते. ऑटोमॅटिकपुढे काय करशील, दुआ? असं तो म्हणतो. तो समुद्राकाठचा आहे, त्याच्याकडे होडी आहे, गाडी नाही.

मला दोघांचंही पटतं, हीच माझी अडचण आहे. तू हसशील, पण खरं सांगतो, प्रश्न वाळूचा असता तर मी कधीच ठरवलं असतं. प्रश्न आईचा आहे. अब्बा गेल्यावर तिने त्या पिकअपवर घर चालवलं. पाणी आणलं, चारा आणला, मला तापात घेऊन ती एकटी इब्रापर्यंत गेली. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू, की आता क्लच नसलेली गाडी घे?

थोडा वेळ दे.

खलफान


वाळूतला तळ
२० नोव्हेंबर

खलफान,

हे पत्र तुझी आई सांगतेय आणि मी लिहितेय. कंसातलं माझं आहे.

बाळा, तू विचार करतोयस असं ऐकलं. कसला विचार? माणूस नवी सून आणताना विचार करतो, गाडी आणताना नाही. (हे माझ्याकडे बघत म्हणाल्या.) क्लच नसलेली गाडी म्हणजे मोहरकी नसलेला उंट. तो नेईल तिकडे तू. तिला वाटलं तेव्हा ती गिअर बदलणार, मग मी तिथे कशाला बसलेय, शोभेला?

माझा जुना पिकअप बघ. दुसरा गिअर उडतो, दिवे लागत नाहीत, दार दोरीने बांधलंय, पण मी सोडेन तिथे थांबतो आणि म्हणेन तेव्हा निघतो. बॅटरी मेली तर मेली. उताराकडे तोंड करून ठेवलं, हँडब्रेक सोडला, दुसऱ्यात टाकून पाय काढला की झाला चालू. हे तुझ्या बापाने मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं. तुझ्या बायकोला तिच्या मास्तरने फक्त किल्ली फिरवायला शिकवलंय. ते अर्धं लायसन्स आहे. (अर्धं नाही. पूर्ण आहे. त्यावर माझा फोटो आहे.)

हुमैदकडे ऑटोमॅटिक आहे म्हणून तू मला त्याचं नाव सांगू नकोस. तो शर्यतीच्या उंटांच्या बाजूने गाडी पळवतो, एका हातात वायरलेस, स्वाराऐवजी उंटाच्या पाठीवर बसवलेल्या यंत्राला ओरडून चाबूक मारायला सांगतो, एका हातात स्टिअरिंग. त्याला तिसरा हात नाही म्हणून त्याला ऑटोमॅटिक लागते. मला दोन हात आहेत, दोन पाय आहेत, आणि दोन्ही पायांना काम पाहिजे. मला कुणी उचलून गाडीत ठेवायची वेळ अजून आलेली नाही. (इथे आवाज जरा बदलला. का ते मला कळलं नाही.)

"पोरी, मी चार शब्द बोलले, तुझा हात अजून चाललाय?" असं आत्ता विचारलं. मी म्हटलं, माझं अक्षर मोठं आहे. (खलफान, फेब्रुवारी जवळ येतोय.)

तुझी आई, गुबैशा


मसीरा बेट
२ डिसेंबर

दोन्ही कागद एकच, मोठ्याने वाच:

आई, झुवैना, मी यावर एक तोडगा काढलाय आणि मला तो फार आवडलाय. हुमैदशी बोललो. त्याचे उंट या महिन्यात शर्यतीला नाहीत, त्याची ऑटोमॅटिक आठवडाभर तुमच्याकडे राहील. दोघींनी चालवा. वाळूत घाला, टेकाडावर चढवा, उतरवा. मग एकमताने सांगा. तुम्ही सांगाल ती गाडी मी मागवतो. कुणावर अन्याय नाही, कुणाची बाजू नाही.

सार्जंट म्हणाला, तू न्यायाधीश व्हायला हवा होतास.

खलफान


वाळूतला तळ
१७ डिसेंबर

न्यायाधीशसाहेब,

तुमचा तोडगा आता हुमैदच्या अंगणात उभा आहे, पुढचा बंपर चेपलेला.

पहिले दोन दिवस छान गेले. मी चालवली. चाकांतली हवा कमी केली, फोर व्हील लावलं आणि ती मोठी तांबडी टेकडी, जिच्यावर जुना पिकअप तीन-तीन वेळा मागे घसरतो, ती एका दमात चढले. जोर कुठे तुटलाच नाही. वर पोचल्यावर मी ओरडले. आत्याबाई शेजारी बसल्या होत्या, हात मांडीवर. एवढंच म्हणाल्या, "मी काय करायचं असतं इथे बसून?" मला वाटलं टोमणा आहे. मी हसले.

तिसऱ्या दिवशी करड्या उंटिणीचे दिवस भरले होते आणि ती कळपातून निघून गेली. वारा सुटलेला, धुरळा एवढा की दिवे लावून गाडी काढली. लांब खोलगट भागात ती सापडली. उतरायच्या आधी आत्याबाई म्हणाल्या, "सरक, गाडी नीट लावते." तू जाणतोस त्यांचं नीट म्हणजे काय. उतारावर, तोंड खाली. गाडी बंद, हँडब्रेक वर. दिवे चालूच राहिले. जुन्या पिकअपला दिवे लागतच नाहीत, मग बंद करायची सवय कुठून असणार? माझ्याही लक्षात आलं नाही, मी उंटिणीकडे धावले.

पिल्लू पायांवर उभं राहीपर्यंत आम्ही तिथेच होतो. मादी आहे, काळ्या डोळ्यांची. आत्याबाईंनी तिचं नाक पुसलं, मला म्हणाल्या, बघ, जिवंत. त्या दिवशी त्या माझ्याशी एवढ्या गोड बोलल्या की मला शाळेचं सांगून टाकावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं.

मग किल्ली फिरवली. काही नाही. टिक् सुद्धा नाही. आत्याबाई म्हणाल्या, "घाबरतेस कशाला, उतार आहे." आणि खरं सांगते, मलाही माहीत नव्हतं. मास्तरने मला कुठे सांगितलं होतं, की ऑटोमॅटिक उतारावरून सोडून चालू होत नाही म्हणून? तुझ्या स्वयंपाक्याचं मी विसरले होते. मी मागून ढकलली, त्यांनी हँडब्रेक सोडला.

गाडी निघाली. वेग आला. आत्याबाई दांडा इकडून तिकडे करतायत आणि डावा पाय आपटतायत, जिथे क्लच असायला हवा तिथे, पुन्हा पुन्हा. इंजिन बंद, ब्रेक दगडासारखा, स्टिअरिंग वळत नाही. खाली घाफचं झाड होतं. त्याला जाऊन लागली. मी धावत गेले तेव्हा त्या समोर बघत बसल्या होत्या आणि पाय अजून आपटत होत्या.

लागलं काही नाही. म्हणजे, त्या म्हणतात लागलं नाही.

आम्ही चालत निघालो. वाटेत हुमैद आणि त्याची माणसं भेटली, आम्हाला शोधायलाच निघाली होती. हुमैदने आमच्याबरोबर परत येऊन गाडी बघितली आणि सगळ्यांसमोर हसला. "काकू, हातगाडी आहे का ही? तीस वर्षं चालवताय म्हणे!" माणसं पण हसली. मी पण हसले असते, पण मी आत्याबाईंचा हात धरला होता आणि तो थंडगार होता.

तेव्हापासून त्या बोलत नाहीत. बुरख्यामुळे चेहरा दिसत नाही, नुसते डोळे, आणि ते माझ्याकडे वळत नाहीत. काल एवढंच म्हणाल्या: "लिही त्याला. गिअरची. विषय संपला."

लिहिलं. आता तू काय करणार ते मला माहीत आहे. तरी वाट बघतेय.

झुवैना


मसीरा बेट
२६ डिसेंबर

पहिला कागद, मोठ्याने:

आई, गिअरचीच मागवली. जानेवारीच्या शेवटी येईल. पांढरी. हुमैदचा बंपर मी बघून घेतो, तू त्याच्याकडे जायचं नाही. पिल्लाचं नाव काय ठेवलं?

दुसरा कागद:

झुवैना, हा कागद लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पहिले दोन फाडले.

मी दुसरं काही करू शकत नव्हतो. तू तिथे होतीस, तू तिचा हात धरला होतास. उद्या दारात ऑटोमॅटिक उभी राहिली तर रोज सकाळी तिला तिची ती चूक दारात दिसेल, आणि हुमैद येता-जाता विचारेल, काकू, आज कुठे ढकलायची? आई मोडून पडेल. ती आता म्हातारी होत चाललीय, तिला जपायला हवं.

तुझी शाळा पुढच्या वर्षी होईल. रय्या मॅडमना सांग, घरची अडचण आहे. आईला नोकरीचं कळलं असतं तर तिने असंही नाहीच म्हटलं असतं, मग निदान भांडण तरी वाचलं. पुढच्या वर्षी मी बदली मागतो, आपण बिदियाला घर बांधू, शाळा तिथे चालत जाण्याएवढी असेल.

मला माहीत आहे तू मला भित्रा म्हणशील. म्हण.

खलफान


वाळूतला तळ
३ जानेवारी

खलफान,

मी दोन्ही कागद मोठ्याने वाचले.

ठरवून नाही. पहिला वाचून झाला, दुसरा मी हातात धरून बसले होते, डोळ्यांत पाणी येत होतं आणि पुढचं दिसत नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "तो दुसरा कागद कसला?" मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "दर वेळी दुसरा कागद असतो. मला वाचता येत नाही, मोजता येतं." मग माझा संताप झाला. तुझ्यावर, त्यांच्यावर, त्या घाफच्या झाडावर सुद्धा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला, मोठ्याने, एक शब्द न गाळता. म्हातारी होत चाललीय, ते सुद्धा.

मला वाटलं आता त्या मला माहेरी पाठवतात.

मग म्हणाल्या, "ते शाळेचं पुन्हा वाच."

वाचलं.

"कसली शाळा?"

सांगितलं. पहिलीचा वर्ग, फेब्रुवारी, बस वाळूत येत नाही, सगळं.

"आणि मी नाही म्हटलं असतं, हे त्याला कुणी सांगितलं?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

"तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं, खलफान. आपण दोघांनी बसून ठरवलं होतं.

मग त्या जे बोलल्या ते तुला जसंच्या तसं लिहिते. "गेल्या ईदला तो मला म्हणाला, आई, आता आराम कर, बिदियाला घर बांधतो, तिथे बस. त्यानंतर गाडीचं निघालं, आणि तुम्ही दोघं ऑटोमॅटिक, ऑटोमॅटिक. मी म्हटलं, ही पहिली पायरी. आधी क्लच काढून घेतील, मग किल्ली, मग वाळू. मला त्या घरात बसवायचंय यांना, खिडकीशी, भिंतीकडे तोंड करून. मी गाडीसाठी भांडत नव्हते गं. मी इथे राहण्यासाठी भांडत होते. आणि तू शाळेसाठी भांडत होतीस, ते मला कुणी सांगायचं?"

मी रडले. त्या रडल्या की नाही ते कळलं नाही. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"रडून झालं की चप्पल काढ. क्लच अनवाणी शिकायचा असतो."

तेव्हापासून रोज शिकतेय. डावा पाय सुजलाय. गाडी माकडासारखी उड्या मारते, दुसरा गिअर उडतो, आणि शेजारी बसून आत्याबाई काठीने माझ्या गुडघ्यावर टपली मारतात. "हळू सोड! दार लोटतेयस का ते? हळू! झोपलेल्या लेकराच्या खालचा हात काढतेस तसा काढ!" मला अजून लेकरू नाही, म्हटलं. म्हणाल्या, तो वर्षातून दोनदा येतो, कुठून होणार. हे पण तुला लिहायला सांगितलंय.

गिअरच्या लायसन्ससाठी नाव दिलंय. परीक्षा शाळेच्या आधी आहे.

झुवैना


मसीरा बेट
११ जानेवारी

झुवैना, आई,

एकच कागद. यापुढे एकच.

मी तुमचं पत्र स्वयंपाकघराच्या मागे जाऊन वाचलं, कारण समोर माणसं होती. मला माझीच लाज वाटते. आई, मी तुला कुठेही बसवणार नाही. घराचं मी तुझ्या सुखासाठी बोललो होतो, तुला विचारायचं मात्र सुचलं नाही.

झुवैना, अजून वेळ गेलेली नाही. कंपनीवाला म्हणतो, माल बंदरात उतरेपर्यंत बदलता येईल. तू फक्त होय म्हण, मी ऑटोमॅटिक करतो. परीक्षेचं काय सांगता येतं? शाळा हातची जायला नको. मला झोप नाही. ताबडतोब कळव.

खलफान


वाळूतला तळ
२८ जानेवारी

खलफान,

आत्याबाई सांगतात: बंदरातल्या गाडीला हात लावलास तर तुझा हात मोडेन. (मी पण.)

आता वाईट बातमी. मी नापास झाले. पिंपं सगळी नीट गेली, चढावर अडकले. अर्ध्या चढावर थांबवलं, पुन्हा निघ म्हणाले. क्लच सोडला, गाडी मागे आली, मागचं पिंप आडवं. परीक्षक कागदावर काही लिहीत राहिला, वर बघितलं सुद्धा नाही. पुढची तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर. शाळा त्याच्या आधी सुरू होते.

मी घरी येऊन अंथरुणात तोंड खुपसलं. आत्याबाई आत आल्या, म्हणाल्या, "मी चौथ्या वेळी पास झाले होते. खलफानच्या बापाला सांगितलं नव्हतं, पहिल्यांदा म्हणून सांगितलं होतं. तू पण कुणाला सांगू नकोस." (सांगतेय.)

मग म्हणाल्या, "गाडी उद्या येते ना? माझं लायसन्स आहे ना? मग तुझी शाळा कुठे जाते पळून?"

हे पत्र टाकायच्या आधीच पांढरी आली. रात्री तिच्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी तिच्यावर चादर टाकली. हसू नकोस.

झुवैना


शाळेच्या फाटकाजवळ
२ मार्च

बाळ खलफान,

हे पत्र शाळेचा पहारेकरी सुवैद लिहितोय. अक्षर वाकडं आहे, पण हा मध्ये स्वतःचं काही घालत नाही. झुवैनाला या पत्राबद्दल कळवायचं नाही. एकच कागद म्हणालास, म्हणून हा एकच.

महिना झाला, मी तुझ्या बायकोला रोज शाळेत आणते. पहाटे चाकांतली हवा कमी करते, वाळूतून काढते, डांबरी लागली की पंपावर पुन्हा भरते, आणि ती आत गेली की इथे फाटकाशी थांबते. बसचे ड्रायव्हर आहेत, सुवैद आहे, कॉफी असते, खजूर मी आणते. पोरं मला 'मॅडमची ड्रायव्हर' म्हणतात. ड्रायव्हर मला गिअरचं विचारतात. कालच एकाचा क्लच जळला होता, वास घेऊनच मी सांगितलं. तुला खोटं कशाला सांगू, इतक्या वर्षांत माझे दिवस इतके चांगले गेले नव्हते.

काल हुमैद पंपावर भेटला. गाडीतूनच ओरडला, "काकू, हलवा कुठाय? सून पास होऊन दोन आठवडे झाले, परीक्षक माझा मेहुणा, त्याने सांगितलं, चढ असा काढला म्हणे जसा पुरुषाने काढावा." मी म्हटलं, पुरुषाने काढला असता तर मागे आला असता. तो गेला. मी पंपावर तशीच उभी राहिले, हवेची नळी हातात.

दोन आठवडे. त्या दिवशी ती परीक्षेवरून आली तेव्हा मी विचारलं, काय झालं? म्हणाली, पुढच्या वेळी बघू आत्या. आणि लायसन्स तिच्या पिशवीत. रोज सकाळी उठते, किल्ली खुंटीवरून काढते आणि माझ्या हातावर ठेवते. रोज माझ्या शेजारी उजव्या बाजूला बसते, पुस्तकं मांडीवर. चढावर गाडी थांबली की तिचा डावा पाय जागच्या जागी दबतो, मी पाहिलंय. मला वाटायचं घाबरते.

आधी मला राग आला. माझ्यावर दया करते? मला? वाटलं घरी जाऊन चार शब्द सुनवावे. मग गाडीत बसले आणि रडू आलं. बुरखा असल्याचा हा फायदा आहे, पंपवाल्याला कळलं नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं, खलफान. तिचं तिनेच ओळखलं, की हे फाटक माझं झालंय. ज्या किल्लीसाठी ती तुझ्याशी भांडली, ती हातात आलेली असून तिने रोज मला दिली, आणि वर नापास म्हणवून घेतलं.

रात्रभर विचार केला. तिने गाडी घेतली तर मी दिवसभर काय करू, हा विचार आधी आला. तो तुला सांगते, कारण तो आला. शेळ्या आहेत, उंटिणी आहेत, जुना पिकअप आहे, त्याचा दुसरा गिअर दुरुस्त करून घेते. माझं काही अडणार नाही. पण ती अशी गप्प राहून शाळेत जायला लागली, तर एक दिवस तिला तिची शाळा पण माझीच मेहरबानी वाटेल. ते मला नको.

म्हणून उद्या सकाळी मी तिच्या आधी उठून गाडीत जाऊन बसणार आहे. उजव्या बाजूला, तिच्या जागेवर. किल्ली लावून ठेवीन. ती दाराशी येऊन उभी राहील, विचारेल, "आत्या, तुम्ही तिकडे का बसलात?" मी तिला काही सांगणार नाही. मी म्हणणार, "चल, उशीर होतोय."

तुझी आई, गुबैशा